तंबोरे घेऊन धरण्याला बसू का?

पत्र : मी ग्वाल्हेरच्या एका शासकीय महाविद्यालयात संगीत विभागात अतिथी विद्वान, म्हणजे मानधनावरची शिक्षिका, आहे. गायन शिकवते, नऊ वर्षं झाली. आमच्या कायम प्राध्यापिका निवृत्त झाल्यापासून त्यांचं पद रिकामं आहे, तबल्याच्या संगतकाराचं त्याही आधीपासून. बी.ए.ला संगीताच्या तीस जागा आहेत, यंदा प्रवेश सहा. परवा प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी निदान दहा मुलं आली नाहीत तर विषय बंद करण्याचा प्रस्ताव पाठवावा लागेल, आणि आमची खोली संगणक प्रयोगशाळेला जाईल. हद्दू-हस्सू खाँचं हे गाव, तानसेनाची समाधी इथे, आणि इथेच संगीत बंद? माजी विद्यार्थिनी म्हणतात, तंबोरे घेऊन महाराज बाड्याच्या चौकात धरणं धरू. काही म्हणतात, शिंद्यांच्या राजवाड्यावर निवेदन देऊ. मी त्यांच्यात बसू का? घर माझ्या मानधनावर चालतं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. पण गप्पही बसवत नाही.
— एक अतिथी विद्वान, लष्कर, ग्वाल्हेर

ताई,

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे, वर छापलंय ते त्याचं सार. त्या चारांतली जवळजवळ तीन पानं नत्थन पीरबख्श, हद्दू-हस्सू खाँ, शंकर पंडित, कृष्णराव पंडित, राजाभैया पूछवाले या ग्वाल्हेर घराण्याच्या गवयांवर आहेत. वाचताना मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण यंदाच्या सहा मुलांबद्दल अख्ख्या पत्रात एकच ओळ. ती मुलं कुठली, संगीत का घेतलं त्यांनी, कुणाच्या सांगण्यावरून घेतलं, काही पत्ता लागत नाही. हेच पत्र भोपाळला एखाद्या बाबूच्या टेबलावर पडलं तर तो तीन पानं उलटून ती एक ओळ शोधेल, तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारेल आणि नस्ती, म्हणजे फाइल, पुढे सरकवेल.

मला हे ठाऊक आहे कारण मी त्याच जातीची. तेहतीस वर्षं कॉलेजांच्या कार्यालयांत काढली, शेवटची अकरा बडे बाबू, म्हणजे मुख्य लिपिक, म्हणून. बाई असले तरी आपल्याकडे म्हणतात बडे बाबूच. तेव्हा माझा सल्ला कार्यालयी वाटेल. आहेच तो तसा.

एका कॉलेजात, गाव सांगत नाही, मराठी विभाग बंद झाला तेव्हा ती नस्ती माझ्याच हाताखालून गेली. मराठी बाई मी, आणि टॅग मीच बांधला. आत एकूण सात कागद होते. पाच वर्षांची प्रवेशसंख्या, रिक्त पदाचा तपशील, प्राचार्यांची टीप, आणि बाकी वरचा-खालचा पत्रव्यवहार. त्याच महिन्यात गावातल्या मराठी मंडळींनी निषेधसभा घेतली होती. तीन वक्ते बोलले, तिघांनीही ज्ञानेश्वरीपासून सुरुवात केली, मग बटाटेवडे झाले. मीही होते, एक वडा जास्तच खाल्ला. पण त्या सभेचा एक चिठोरासुद्धा आमच्या कार्यालयात पोचला नाही. भाषणाला आवक क्रमांक पडत नाही हो. वर नस्ती उघडली तेव्हा साहेबांना दिसलं ते एवढंच, की विभाग बंद होतोय आणि कुणाची काही हरकत नाही.

म्हणून धरण्याचं नंतर बघू. आधी कागद.

विषय बंद करणं एकट्या प्राचार्यांच्या हातात नसतं. ते प्रस्ताव पाठवतात आणि प्रस्तावाला आकडे जोडतात. ते आकडे त्यांच्याआधी तुमच्याकडे तयार हवेत. दहा वर्षांचा एक तक्ता करा. प्रत्येक वर्षी जागा किती, प्रवेश किती, शेवटच्या वर्षापर्यंत टिकले किती. आणि शेजारच्या रकान्यात पदांची स्थिती : कायम प्राध्यापक होत्या की नाही, संगतकार होता की नाही, अतिथी विद्वान सत्राच्या कोणत्या महिन्यात रुजू झाली. हा शेजारचा रकाना सोडू नका. माझा अंदाज आहे की बाई निवृत्त झाल्या त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून प्रवेश उतरलेले दिसतील. नस्तीत ते नेहमी उलटं लिहिलं जातं : विद्यार्थी नाहीत, सबब पदाची आवश्यकता नाही. मी स्वतः असली वाक्यं टाइप केली आहेत. दोन रकाने शेजारी आले की आधी काय रिकामं झालं ते वाचणाऱ्याला आपोआप दिसतं.

कार्यालय आकडे देत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागवा. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. अर्ज तुमच्या नावाने मात्र नको, एखाद्या विद्यार्थिनीच्या वडिलांना करू द्या.

आता इतिहास. तो टाकून द्या असं मी म्हणत नाही, पण निवेदनात त्याला दोन ओळींच्या वर जागा देऊ नका, आणि त्या दोन ओळी कामाच्या असू द्या. १९१४ साली कृष्णराव पंडितांनी शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. १९१८ साली भातखंड्यांच्या सल्ल्याने महाराज माधवराव शिंद्यांनी माधव संगीत विद्यालय उघडलं. चार वर्षांत एकाच शहरात दोन शाळा. हे तुम्ही लिहिलंच आहे. तुमच्याकडून निसटलं ते हे की शाळा उघडण्याआधी दरबाराने इथल्या काही गवयांना मुंबईला भातखंड्यांकडे पाठवलं होतं. राजाभैया पूछवाले त्यांतलेच. ते काय गाणं शिकायला गेले होते का? गाणं त्यांच्या गळ्यात होतंच. गेले ते स्वरलिपी आणि वर्गात शिकवायची पद्धत शिकायला. म्हणजे आधी मास्तर तयार केले, मग कुलूप उघडलं. निवेदनात एवढंच लिहा : या शहरात संगीतशिक्षणाची सुरुवात शिक्षक तयार करण्यापासून झाली, आमच्या विभागात शिक्षकाचं पद अमुक तारखेपासून रिक्त आहे. तारीख ठळक.

२०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर ठरवलं, वाराणसी आणि चेन्नईनंतर देशातलं तिसरं. त्याच डिसेंबरात किल्ल्यावर हजाराहून जास्त तबलजींनी एकत्र ठेका धरून गिनीजमध्ये नाव नोंदवलं. आणि तुमच्याकडे सहा मुलींच्या ख्यालाला ठेका धरायला एक माणूस नाही. वर्तमानपत्रवाल्यांना ही बातमी फार आवडेल. छापून आली तर येऊ द्या, पण दुसऱ्या दिवशी तिच्यात सामोसे बांधले जातात हे धरून चाला.

खरं काम प्रवेशाचं आहे. तुम्हाला हवीत यंदापेक्षा चार मुलं जास्त, आणि ती बारावीचे निकाल लागायच्या आधी शोधायची आहेत.

जनकगंज, दौलतगंज, जिवाजीगंज, या गल्ल्यांमधून संध्याकाळी चालत गेलं तर पेटीचा आवाज अजून येतो. घरोघरच्या क्लासांत मुली गांधर्व मंडळाच्या नाहीतर प्रयाग समितीच्या परीक्षा देतात, मध्यमा होतात, काही विशारदपर्यंत जातात, आणि कॉलेजात जाऊन समाजशास्त्र घेतात. का, ते त्यांच्या आयांना विचारा. 'गाण्यात बी.ए. करून पुढे काय?' याला 'संगीत ही साधना आहे' असं उत्तर देऊ नका, आई उठून चहा ठेवायला जाईल. तिला सांगा की केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक वर्गांना संगीत शिक्षकाचं पद असतं आणि त्याला संगीतातली पदवी लागते, नुसत्या क्लासच्या प्रमाणपत्राच्या भरवशावर राहू नका. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, म्हणजे नेटला, संगीत विषय आहे हेही सांगा. सगळ्यांना नोकरी लागेल असं मात्र म्हणू नका, कारण लागणार नाही.

क्लास घेणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना आधी भेटा. त्यांना वाटतं कॉलेज आपली मुलं पळवतं. त्यांच्याकडचं शिक्षण सुटायची गरज नाही, पदवी इकडून आणि तालीम तिकडून चालू शकते, हे त्यांच्या ओट्यावर बसून सांगा. फोनवर हे जमत नाही.

मग कियोस्कवाले. हे कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. ई-प्रवेशाचा फॉर्म मुलगी स्वतः भरत नाही, कॉलेजच्या आसपासच्या दुकानात बसलेला पोरगा भरतो. मागे रांग असते. तो न बघता विचारतो, 'सब्जेक्ट?' मुलगी अडखळली की तो सवयीचे विषय टाकून बटण दाबतो. मी कितीतरी मुली नंतर विषय बदलायला रडत आलेल्या पाहिल्या आहेत. तुमच्या भागात असे पाच-सहा कियोस्क असतील. प्रवेश सुरू व्हायच्या आठवड्यात प्रत्येकाकडे जा, चहा पाजा, आणि काउंटरला एक छापील चिठ्ठी चिकटवा : या कॉलेजात संगीत गायन विषय आहे, आणि खाली एखाद्या माजी विद्यार्थिनीचा नंबर. त्याआधी पोर्टलवर तुमच्या कॉलेजच्या विषयांत संगीत दिसतंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गंमत करत नाही. एकदा आमच्याकडे एक विषय यादीतूनच गळला होता आणि आम्ही सगळे मुलांना नावं ठेवत बसलो होतो.

आणखी एक दार आहे. मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून नवं शिक्षण धोरण लागू झालं तेव्हापासून मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम), इलेक्टिव (ऐच्छिक) अशी विषयांची मांडणी आली. तुम्ही फक्त मेजरची सहा मुलं मोजताय. बी.एस्सी., बी.कॉम.च्या मुलांना संगीत इलेक्टिव म्हणून घेता येईल का ते विद्यापीठाच्या यादीत बघा, आणि येत असेल तर वेळापत्रकात तो तास अशा वेळी मागा की विज्ञानाच्या प्रॅक्टिकलवर पडणार नाही. वेळापत्रक समितीतल्या सरांना आत्तापासून धरा. ही मुलं यमन धडपणे म्हणणार नाहीत, तुमचा जीव कासावीस होईल. होऊ द्या. हजेरीपटावर चाळीस नावं दिसली की खोलीचा प्रश्न पुढे ढकलला जातो.

धरण्याबद्दल. तंबोरा घेऊन महाराज बाड्यावर बसण्याची कल्पना कुणाची आहे मला माहीत नाही, पण तिने बाड्यावर संध्याकाळी पाच वाजता कधी उभं राहून पाहिलेलं नाही. टेंपो, ई-रिक्षा, हातगाड्या. तिथे जोडाच्या तारा जुळेपर्यंत पोलीस उठवायला येतील, आणि जुळल्या तरी ऐकणार कोण? त्यापेक्षा महिन्यातून एक बैठक कॉलेजातच घ्या, दुपारी, तासाभराची. पहिल्या बैठकीला प्राचार्य समोर बसलेले हवेत, आणि कॉलेजच्या जनभागीदारी समितीचे, म्हणजे लोकसहभागाच्या समितीचे, अध्यक्षही. मुलींनाच गाऊ द्या, तुम्ही गाऊ नका. डिसेंबरात तानसेन समारोहाची प्रत्येक सभा इथल्या एखाद्या संगीत महाविद्यालयाच्या ध्रुपदाने सुरू होते हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या मुलींना तिथे, किंवा समारोहाच्या आगेमागे शहरात जे छोटे कार्यक्रम होतात त्यांत, जागा मागणारं पत्र प्राचार्यांच्या सहीने जाऊ द्या. सही करताना त्यांनाही आपला विभाग आहे असं वाटायला लागतं. माणसाचं तसंच असतं.

मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. माजी विद्यार्थिनींनी पाच जणींनी जावं, पन्नास नको. एक पानी अर्ज, मागे तुमचा तो तक्ता, आणि पावती घेतल्याशिवाय उठू नये. मुख्यमंत्री हेल्पलाइनला, १८१वर, तक्रार मात्र एवढ्यात नको. ती फिरून प्राचार्यांच्याच टेबलावर येते, आणि मग विभाग वाचवण्यापेक्षा तक्रार 'बंद' करणं हे सगळ्यांचं पहिलं काम होऊन बसतं. राजवाड्यावर निवेदन द्यायचं तर द्या, आपल्या मंडळींचे पाय तिकडे वळतातच. पण शासकीय कॉलेजातलं पद भरणं १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यानंतर त्या वास्तूच्या हातात राहिलेलं नाही.

आणि प्राचार्यांना शत्रू करू नका. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल दोन बोचरे शब्द आहेत, ते मी वर गाळले. त्यांनी तुम्हाला आधी बोलावून सांगितलं. गुपचूप प्रस्ताव पाठवून खोलीचं कुलूप बदलता आलं असतं. आधी सांगणाऱ्या माणसाला बहुधा अडवून हवं असतं, फक्त तसं तो तोंडाने म्हणत नाही.

आता जे तुम्ही विचारलंत ते. धरण्यात नाही, सभेत नाही, निवेदनाच्या सहीतही तुम्ही पहिल्या नको. तुमची नेमणूक सत्राची आहे. पुढच्या सत्रात तुमचं नाव आलं नाही तर त्या सहा मुलींना सा कोण लावून देणार? आकडे तुम्ही काढा, तक्ता तुम्ही करा, मुली तुम्ही तयार करा. बोलायला निवृत्त प्राध्यापिका आहेत, माजी विद्यार्थिनी आहेत, आईबाप आहेत. निवृत्त माणसाचं कुणी काही वाकडं करू शकत नाही, मी त्याचा पुरेपूर उपयोग करते.

पण त्याआधी एक गोष्ट रात्री शांतपणे बसून मनाशी बोलून घ्या. तुमच्या निवेदनातली पहिली मागणी काय असणार? कायम पद भरा. ते भरलं गेलं, बदलीवर का होईना कुणी नियमित प्राध्यापक आले, की अतिथी विद्वान 'फॉलन आउट' होते. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. म्हणजे मागणी मान्य झाली तर विभाग राहील आणि तुम्ही जाल, असं होऊ शकतं. तुमच्या चार पानांत हे कुठेच नाही. तुम्हाला सुचलं नाही असं मला वाटत नाही. मागणी सौम्य करून 'अतिथी विद्वान चालू ठेवावी' एवढंच लिहायचा मोह होईल, आणि तो होण्यात लाजण्यासारखं काही नाही, घर तुमच्यावर आहे. पण तेवढ्या मागणीवर विभाग दोन वर्षांवर टिकेल असं मला दिसत नाही. संगतकाराचं पद ही दुसरी मागणी ठेवा, तिच्यात तुमचं काही जात नाही. पहिलीचं तुम्हीच ठरवा. काहीही ठरवलंत तरी माजी विद्यार्थिनींना ते आधी सांगा, त्यांना नंतर दुसऱ्याकडून कळायला नको.

पैशाचं थोडक्यात. जनभागीदारी समितीकडे स्थानिक निधी असतो. तिच्याकडे 'संगीत विभागाचा विकास' मागू नका, कुणालाच त्याचा अर्थ कळत नाही. तबलजीचं दर तासाचं मानधन मागा, आठवड्याला इतके तास असा हिशोब लिहून. दोन तंबोऱ्यांची जवारी काढायची आहे, तारा बदलायच्या आहेत, पेटीचे दोन सूर दाबलेले राहतात, दुरुस्तीचा अंदाज अमुक. असल्या मागणीला नाही म्हणणं जड जातं. माजी विद्यार्थिनी वर्गणी काढून सभागृह बांधायचं म्हणत असतील तर त्यांना विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण करून द्या. ते तुमच्याच गायकीचे. ग्वाल्हेरचा ख्याल बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी दक्षिणेत नेला, त्यांचे हे शिष्य. १९०१ साली लाहोरला लोकांच्या पैशावर गांधर्व महाविद्यालय उभं केलं, पुढे मुंबईत कर्ज काढून इमारत बांधली, आणि ती कर्जापायी लिलावात गेली. शिकलेले शिष्य मात्र गावोगाव शिकवत राहिले आणि पलुस्कर गेल्यावर १९३१ मध्ये त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ काढलं. त्याच मंडळाच्या परीक्षांना जनकगंजातल्या मुली आज बसतात. तेव्हा वर्गणी निघालीच तर ती तबलजीला द्या.

एवढं सगळं करूनही विषय बंद होऊ शकतो. तशी वेळ आली तर दोन गोष्टी लेखी मागून घ्या. आत असलेल्या मुलींचं शेवटच्या वर्षापर्यंतचं अध्यापन इथेच होईल, ही पहिली. दुसरी वाद्यांची. डेडस्टॉक रजिस्टर काढून प्रत्येक तंबोऱ्याचा, पेटीचा, तबल्याच्या जोडीचा नंबर आजच वहीत उतरवून घ्या. विभाग बंद झाला की वाद्यं आधी जिन्याखाली जातात, मग निर्लेखनात, म्हणजे रद्दबातल मालाच्या यादीत, आणि मोडक्या बाकांबरोबर किलोने उचलली जातात. आमच्या कॉलेजात एक सतार गेली तशी, भोपळ्यासकट. नंबर हातात असले तर ती दुसऱ्या शासकीय संगीत महाविद्यालयाकडे हस्तांतरित करा असं लिहिता येतं.

आणि तुम्ही लिहिलंय की उंदरांच्या भीतीने दोन्ही तंबोरे गवसण्या घालून कपाटावर ठेवलेत आणि मुली मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करतात. ते सोमवारी खाली काढा. प्रयोगशाळेसाठी खोली द्यायची असली की आधी कुणीतरी फीत घेऊन ती मोजायला येतं. माझ्या अनुभवात हा माणूस सकाळी साडेदहा-अकराला येतो, चहाच्या आधी. त्या वेळी सतरंजी घातलेली असू द्या आणि सहाही मुली तंबोऱ्याला लागून बसलेल्या. तो दारात थांबेल, चपला काढायच्या की नाही याचा विचार करेल, आणि 'बाद में आता हूँ' म्हणून जाईल.